बिनआवाजाच्या गाडीची चौकशी

आमच्या विद्यापीठात दरवर्षी एखादं नवं खूळ निघतं. त्या वर्षीचं खूळ असं, की यापुढे कुणी एकट्याने संशोधन करायचं नाही. ज्ञानशाखांमधल्या भिंती पाडायच्या आहेत, असं डीनसाहेबांनी सभेत जाहीर केलं. आमच्या यंत्र विभागाची एक खरीखुरी भिंत ओल धरून कधीची पडायला टेकली होती; ती पाडण्याचा अर्ज मात्र त्यांच्याच टेबलावर पडून होता. पण ते असो. निरनिराळे विभाग एकत्र आले तरच प्रकल्पाला मान्यता आणि प्रकल्प असला तरच बढती, एवढं माझ्या डोक्यात पक्कं शिरलं. माझी बढती इतकी लांबली होती, की घरात तिचा उल्लेख 'येतो येतो' म्हणून न येणाऱ्या नातेवाइकासारखा होत असे.

सभा संपेपर्यंत हुशार लोकांनी एकमेकांना पटकावलं होतं. रसायनवाले शेतीवाल्यांच्या गळ्यात गळे घालून चहाला गेले. मागे उरलो मी आणि वाणिज्य विभागातले एक सहकारी. त्यांना आम्ही सगळे शेटजी म्हणतो. शेटजी गेली कित्येक वर्षं विक्रीकला शिकवतात, पण स्वतः त्यांनी आयुष्यात काही विकल्याचं ऐकिवात नाही. त्यांनी विकायला काढलेली स्कूटर अजून त्यांच्या जिन्याखाली उभी आहे आणि आता तिच्यावर वेल चढलाय. आम्ही दोघं उरलेल्या नवऱ्यामुलांसारखे एकमेकांकडे बघत राहिलो. मग शेटजी म्हणाले, की रस्त्यापलीकडे नर्सिंग कॉलेज आहे, तिकडे अजून कुणी गेलेलं दिसत नाही.

तिकडे कुणी का गेलं नव्हतं ते तिथे पोचल्यावर कळलं. त्या कॉलेजात एक जुन्या शिक्षिका आहेत, त्यांना विद्यार्थिनींपासून सर्जनपर्यंत सगळे 'मोठ्या सिस्टर' म्हणतात आणि शक्यतो लांबून म्हणतात. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं नाही. आम्ही भिंती पाडण्याबद्दल बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि आम्हाला सरळ शेजारच्या रुग्णालयात, पुरुषांच्या वॉर्डात नेलं. दुपारची वेळ, सगळे पेशंट झोपलेले. सिस्टरनी कोपऱ्यातली औषधांची गाडी धरली आणि चार पावलं ढकलली.

तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. पत्र्याचं छप्पर कुणी फरशीवरून ओढत नेतंय आणि त्या छपराला ते अजिबात पसंत नाही, असा तो आवाज होता. वॉर्डातला झाडून एकेक पेशंट उठून बसला. सिस्टर म्हणाल्या, "मी मुलींना दोन वर्षं शिकवते की आजाऱ्याशी हळू बोला, हळू चाला, झोप हे निम्मं औषध आहे. आणि मग त्यांच्या हातात ही देते."

मी खाली वाकून चाकं पाहिली. चारातलं एक चाक कायमचं रुसून आडवं वळलेलं होतं, दुसऱ्याचे छर्रे झिजलेले, बाकीची दोन त्यांच्या संगतीने बिघडलेली. मला त्या क्षणी जो आनंद झाला तो यंत्राच्या माणसालाच कळेल. मी म्हणालो, ही गाडी अशी करून देतो की आली कधी आणि गेली कधी कळणार नाही. हे वाक्य पुढे माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वाचलं जाणार होतं.

प्रकल्पाला आम्ही भारदस्त नाव दिलं आणि अर्जात माझं ते वाक्यही घातलं. चाकं माझी, विद्यार्थिनींच्या शिकण्यावर काय परिणाम होतो तो सिस्टरांचा अभ्यास, आणि अशी गाडी बाजारात कशी आणायची ते शेटजींकडे. मग विद्यापीठाशी झटापट सुरू झाली. भांडारवाल्यांनी विचारलं, चाक हे फर्निचर की वैद्यकीय उपकरण? फर्निचर असेल तर सुताराची सही लागेल, उपकरण असेल तर सर्जनची. मी म्हणालो, चाक हे चाक आहे. त्यावर तसा रकानाच नाही म्हणाले. शेवटी ते 'इतर, खाण्याचे सोडून' या सदरात मंजूर झालं. नीतिमत्ता समितीने तर कमाल केली. रुग्णांवर प्रयोग करायचा तर रुग्णांची संमती हवी, म्हणजे त्यांना यापुढे जो आवाज ऐकू येणार नाही तो आधी ऐकवून, तो न ऐकण्याबद्दल त्यांची सही घ्यावी, असा निर्णय झाला. त्यामुळे झोपेच्या त्या प्रयोगासाठी आम्ही पहिल्यांदा सगळा वॉर्ड व्यवस्थित जागा केला.

आमच्या प्रयोगशाळेची फरशी फार गुळगुळीत, तिथे कुठलंही चाक गुणी वाटतं. वॉर्डासारखी उंचसखल फरशी मला एकाच ठिकाणी माहीत होती, ती म्हणजे आमच्या इमारतीचा व्हरांडा. म्हणून मी गाडी टेंपोत घालून घरी आणली. रविवारी सकाळी लेंग्यावर ती ढकलत व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी फेऱ्या मारू लागलो, तशी दारं उघडली. आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. ते कशातून निवृत्त झाले हे कुणाला माहीत नाही, पण सल्ला देण्यातून नाही एवढं नक्की. त्यांनी आधी मेण लावायला सांगितलं, मग साबण, मग चाकंच काढून टाकायला. समोरच्या वहिनींनी बराच वेळ माझं निरीक्षण केलं, आणि मग माझ्या बायकोला बाजूला घेऊन हळुवारपणे विचारलं, की नोकरीचं काही बरंवाईट झालं का, आणि भाजी रोज ताजी मिळणार असेल तर त्या इतरांनाही सांगतील. अभियांत्रिकीचा प्राध्यापक म्हणून मी त्या इमारतीत जी काही पत कमावली होती, ती त्या सकाळी गेली. बायको मात्र वहिनींना शांतपणे म्हणाली, की सध्या फक्त गाडी आहे, माल अजून ठरायचाय.

पण चाकं जमली. रबराची दुहेरी धाव, आत बंदिस्त छर्रे, आणि मध्ये हादरे गिळणारी एक चकती, जी मी कशापासून केली ते पेटंटच्या भीतीने शेटजी मला सांगू देत नाहीत. गाडी वॉर्डात परत गेली त्या दुपारी मोठ्या सिस्टर दाराकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि एका मुलीला गाडी आणायला सांगितलं. जरा वेळाने त्या म्हणाल्या, अगं आण की. मुलगी म्हणाली, सिस्टर, मी परत पण आले. सिस्टर वळल्या, झोपलेल्या वॉर्डाकडे बघितलं, आणि मला म्हणाल्या, "बसा." एवढंच. पण त्या कॉलेजात 'बसा' म्हणजे काय हे मला एव्हाना कळलं होतं. मी बसलो, आणि मला बशीसकट कप मिळाला.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण त्याच सुमारास माझ्या सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं.

सासऱ्यांबद्दल थोडं सांगायला हवं. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांतून तराजू तपासण्यात आयुष्य गेल्यामुळे ते समोरच्या माणसाकडेही हा पसाभर कमी भरतोय अशा नजरेने बघत. सासूबाई गेल्यापासून एकटेच राहत. माझ्याशी त्यांचं बोलणं अगदी मोजकं. लग्न ठरवायला आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा मी त्यांना माझ्या विषयाची महती मोठ्या उत्साहाने सांगितली होती. सगळं ऐकून ते म्हणाले, "बरोबर आहे. ऊन फार आहे." इतका नेमका अपमान मी त्याआधी आणि त्यानंतर कुणाकडून करून घेतलेला नाही. पुढेही मी काही सांगायला गेलो की ते एक तर गप्प बसत, नाहीतर भलतंच उत्तर देत. यांना जावई पसंत नाही हे मी मनाशी धरून चाललो होतो, आणि बायको म्हणायची, बाबा सगळ्यांशीच तसे आहेत. पण हे काही सांत्वन नव्हे.

त्यांना मी मुद्दाम आमच्याच रुग्णालयात दाखल केलं. म्हटलं, निदान चाक तरी बघतील. ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी व्हरांड्यात चालायला सांगितलं, आणि सासरे सांगितल्याबरहुकूम चालू लागले. त्याच व्हरांड्यात मागून दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी औषधांची गाडी घेऊन आली. सासरे एकदम थांबले आणि बाजूला सरकले, तेही नेमके गाडीच्या बाजूला. माझ्या गाडीचं पुढचं चाक, ज्याच्यात मी जीव ओतला होता तेच चाक, त्यांच्या पावलावरून गेलं. आवाज झाला तो फक्त सासऱ्यांचा.

पावलाचं एक हाड चिरलं. प्लॅस्टर घालून त्यांना आमच्या घरी आणलं. मी त्यांच्यासमोर जाणं टाळायचो, पण आमच्या घराच्या आकारात ते शक्य नव्हतं. ते खुर्चीत पाय वर करून बसत आणि मी आलो की मान हलवत. त्या मान हलवण्याचे मी नाना अर्थ लावत असे आणि त्यातला एकही चांगला नसे.

इकडे चौकशी बसली. रुग्णालयाच्या अधीक्षकांचं म्हणणं सरळ होतं: जुनी गाडी वाजत होती, लोक बाजूला होत होते, ही वाजत नाही, म्हणून माणूस सापडला. डीनसाहेबांनी भिंती पाडण्याबद्दलचं भाषण विसरून मला विचारलं, की यंत्र विभागाला रुग्णालयात जायची काय गरज होती. त्याहून वाईट म्हणजे त्या विद्यार्थिनीवर हलगर्जीपणाचा ठपका आला. ती रडत रडत सांगत होती, की आजोबा, गाडी येतेय, जरा बाजूला व्हा, असं ती पुन्हापुन्हा म्हणाली होती. तिच्यावर कुणी विश्वास ठेवेना. दोन हातांवरून माणसाला ऐकू येत नाही का, असं अधीक्षक म्हणाले. ठपका कायम झाला तर तिची प्रात्यक्षिकं अडणार होती, म्हणजे वर्ष गेलंच.

शेटजींनी यावर व्यापारी तोडगा काढला. गाडीला एक गोड आवाजाची घंटी लावावी आणि ही सुधारित आवृत्ती म्हणून जाहीर करावं. ते खोकाभर घंट्या, भोंगे आणि एक खेळण्यातली बासरी घेऊन माझ्या घरी आले. योगायोगाने मोठ्या सिस्टरही त्याच संध्याकाळी सासऱ्यांचा पाय बघायला आल्या. शेटजी सासऱ्यांच्या खुर्चीमागे उभे राहून एकेक घंटी वाजवत मला पसंती विचारत होते. मी कानात बोटं घालण्याच्या बेतात होतो. समोरच्या वहिनी डोकावून गेल्या. खालून काकांनी छताला काठीने ठोकलं. सासरे मात्र समोरच्या वर्तमानपत्रात गढलेले, पान उलटताहेत.

सिस्टरनी शेटजींना हातानेच थांबवलं. मग त्या खुर्चीच्या मागे गेल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, की तुमचा चष्मा खाली पडलाय. सासऱ्यांनी पान उलटलं. सिस्टर पुढे आल्या, त्यांच्यासमोर बसल्या आणि तेच वाक्य त्याहून हळू आवाजात म्हणाल्या. सासरे लगेच म्हणाले, "नाही, डोळ्यांवरच आहे."

जिन्यात सिस्टर मला म्हणाल्या, "यांना ऐकू येत नाही. आजचं नाही हे, जुनं आहे. ओठ वाचतात, आणि फार छान वाचतात."

मी जिन्यातच बसलो. लग्न ठरवायला गेलो तेव्हा मी नेहमीसारखा मान खाली घालून बोलत होतो, हे मला आठवलं. आणि खरंच, त्या दिवशी ऊन फार होतं. इतकी वर्षं ज्या माणसाचा मी राग धरून बसलो होतो, त्याला माझा एक शब्दही पोचला नव्हता. तो बिचारा अंदाजाने माझ्याशी हवापाण्याचं बोलत होता.

सिस्टरांचं म्हणणं, हे उद्या समितीपुढे सांगा. गाडी वाजली असती तरी ते सापडलेच असते. गाडी सुटेल, आणि माझी विद्यार्थिनीही सुटेल. मी बायकोला सांगितलं. ती आधी विश्वास ठेवेना, मग एकेक आठवून रडायला लागली, आणि मग डोळे पुसून म्हणाली, की तुम्ही सांगायचं नाही. त्यांनी जगापासून जपलेली गोष्ट चार परक्या लोकांपुढे जावयाने उघडी करायची, हे तिला चालणार नव्हतं. मी म्हटलं, त्या पोरीचं वर्ष जाईल. ती म्हणाली, मला कळतं, पण ते बाबांचं आहे, तुमचं नाही. आम्ही स्वयंपाकघरात उभे राहून बराच वेळ दबक्या आवाजात भांडलो. दोघांचंही बरोबर होतं, आणि असं भांडण मिटत नाही.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे माझं ते वाक्य वाचून दाखवण्यात आलं: आली कधी आणि गेली कधी कळणार नाही. अधीक्षकांनी विचारलं, गाडी वाजत असती तर रुग्ण बाजूला झाला असता की नाही? मी उभा राहिलो. तोंडात उत्तर तयार होतं, ते मी गिळलं. मी म्हणालो, की याचं उत्तर मला देता येत नाही. पण ही मुलगी खोटं बोलत नाही, तिने आवाज दिला होता. मला ते कसं माहीत ते विचारू नका. ठपका ठेवायचा तर माझ्यावर ठेवा, चाक माझं आहे.

डीनसाहेब म्हणाले, हे काही शास्त्रीय उत्तर नव्हे. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या आणि माझा बशीसकट कप बहुधा परत जाणार होता.

तेवढ्यात दार उघडलं. एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने माझ्या बायकोचा खांदा धरून सासरे आत आले. बायकोच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की ही कल्पना तिची नाही. ते सरळ समितीच्या टेबलापर्यंत गेले, बसायला सांगण्याची वाट न बघता बसले, आणि मला म्हणाले, "काल तुम्ही दोघं स्वयंपाकघरात भांडत होता. दार उघडं होतं. मला ऐकू येत नसेल, पण दिसतं."

मग ते समितीकडे वळले. त्यांना बहुधा आपला आवाज किती मोठा येतो याचा अंदाज नव्हता, त्यामुळे पुढचं सगळं व्हरांड्यातल्या शिपायांनीही ऐकलं. ते म्हणाले, "मी जन्मभर लोकांची मापं तपासली. माप खोटं असलं तर मी कुणाच्या सांगण्यावरून शिक्का मारला नाही. इथे खोटं माप माझ्या कानांचं आहे. मुलीने सांगितलं असणार, मला ते पोचलं नाही. गाडी ढोल वाजवत आली असती तरी पोचलं नसतं. त्या पोरीचं नाव काढा, आणि आमच्या जावयांचंही."

डीनसाहेब कागदात डोकं खुपसून काहीतरी पुटपुटले. सासरे म्हणाले, "मान वर करून बोला." आणि आमच्या डीनसाहेबांनी, जे कुलगुरूंशीही कागदातच बोलतात, मान वर करून मुलीची माफी मागितली.

मुलीवरचा ठपका त्याच दिवशी निघाला. ती सासऱ्यांच्या पाया पडायला वाकली ती नेमकी प्लॅस्टरवर, आणि त्यांनी पुन्हा एकदा ओरडून सगळ्यांना दचकवलं. पुढे सिस्टरांच्या अभ्यासातून एक गोष्ट निघाली, जी आमच्यापैकी कुणाच्याही मनात नव्हती. वाजणारी गाडी असताना मुली गप्प येत आणि गप्प जात, कारण गाडीच सगळं बोलायची. बिनआवाजाची गाडी हातात आल्यापासून त्यांना स्वतः बोलावं लागत होतं. काका, येतेय हं. आजोबा, झोप झाली का. आणि एकदा तोंड उघडलं की त्या पेशंटशी बोलू लागल्या होत्या. सिस्टर म्हणाल्या, हे मी त्यांना वर्गात शिकवून थकले होते. शेटजींनी घंट्यांचं खोकं परत नेलं आणि हाच मुद्दा धरून शेजारच्या एका रुग्णालयाला गाड्या विकल्या. आयुष्यातली ती पहिली विक्री करून ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांनी पावती मला तीनदा वाचून दाखवली.

सासऱ्यांना कानाचं यंत्र सिस्टरांनीच ओळखीच्या तज्ज्ञाकडून बसवून घेतलं. त्या दिवशी घरी येताना ते रस्त्यात सारखे थांबत होते. कुणाच्या चपला, कुणाची शिटी, नळाखाली भरणारी बादली. बायकोने पुढून न जाता मागूनच 'बाबा' म्हणून हाक मारली, आणि ते वळले. ती रस्त्यातच तोंडावर हात धरून उभी राहिली. मीही जरा इकडेतिकडे बघितलं.

घरी चहा झाल्यावर त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "तुमचं ते संशोधन नेमकं काय आहे, सांगा बघू."

असा प्रश्न मला आजवर विद्यापीठानेही विचारलेला नव्हता. मी सांगायला लागलो. छर्रे, धाव, घर्षण, चकती, भांडारवाले, नीतिमत्ता समिती, सगळं. बायको मला आतून खुणा करत होती. काका सल्ला द्यायला म्हणून वर आले आणि ऐकून परत गेले. सासरे एकदाही मध्ये बोलले नाहीत. मला अधूनमधून शंका यायची, की यंत्र बंद तर नाही ना, पण मी मान खाली घातली तरी त्यांची मान बरोबर योग्य जागी हलत होती.

माझं संपल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "चाक चोख आहे." आणि जरा थांबून, "सांगता मात्र फार लांबण लावून."

दोन्ही वाक्यांबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे.